मनगटावरचा आकडा कधी बघायचा आणि कधी नाही

२०२३ चा जुलै. लेकीच्या प्रवेशाची कागदपत्रं घेऊन मी साताऱ्याहून पुण्याला निघाले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे गाडी गच्च भरलेली. पावसामुळे खिडक्या लावलेल्या, काचांवर वाफ धरलेली. खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली आणि पुढच्या कोंडीमुळे आतच थांबली. छातीत एकदम धडधडायला लागलं. तळहात ओले झाले, ओठांभोवती मुंग्या आल्या, आणि डोक्यात एकच गोष्ट, की आपण इथून जिवंत बाहेर पडत नाही. मनगटावर दिवाळीत घेतलेला, हृदयाचे ठोके मोजणारा साडेतीन हजारांचा बँड होता. त्यावर बघितलं, ११८. पुन्हा बघितलं, १२४. तिसऱ्यांदा १३१.

शिरवळला उतरले, दवाखाना गाठला, ईसीजी काढला. नॉर्मल. "गॅस झाला असेल, टेन्शन घेऊ नका," असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी घरी पाठवलं.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आकड्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. पुढचे चार महिने मी त्या बँडवर विश्वास ठेवला. एकदा दिवसभर वहीच्या मागच्या पानावर रेघा ओढून मोजलं, तर सकाळपासून रात्रीपर्यंत मी ७४ वेळा ठोके बघितले होते. त्या चार महिन्यांत आणखी दोन ईसीजी, एक टू-डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन. सगळं व्यवस्थित. आणि बोगद्यातल्यासारखे भीतीचे झटके मात्र आठवड्याला तीन. पाचव्या महिन्यात मनोविकारतज्ज्ञ मॅडमकडे गेले. माझं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "आधी ते घड्याळ चार आठवडे कपाटात ठेवा. मग मी सांगेन तसं पुन्हा बांधा."

त्यांनी पुढे सांगितलं ते, आणि दीड वर्षात मला जे कळलं ते इथे लिहिते आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: पॅनिकच्या आजारात, म्हणजे अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या आजारात, घड्याळ झटका चालू असताना बघायचं नसतं. ते झटका संपल्यावर वाचायचं असतं.

आधी तपासणी, मग घड्याळ

घड्याळ घेऊन स्वतःच निदान करायला बसू नका. धाप, धडधड, घाम, चक्कर ही लक्षणं थायरॉइड वाढल्यावर होतात, हिमोग्लोबिन फार खाली गेल्यावर होतात, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडल्यावरही होतात. एकदा नीट तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी "हृदय ठीक आहे" असं सांगितलं की ते उत्तर लिहून ठेवा, तारखेसह. मी फोनच्या लॉक स्क्रीनवर ठेवलं होतं.

पॅनिक अटॅक एखाद्याला आयुष्यात एकदा येऊन जातो, त्याला आजार म्हणत नाहीत. अचानक, कारण नसताना पुन्हा पुन्हा यायला लागला, आणि पुढचा कधी येईल या धास्तीने किंवा तो टाळण्यासाठी महिनाभर तरी वागणंच बदललं, की तो पॅनिक डिसऑर्डर. माझं वागणं बदललं होतं. पुणं बंद, लिफ्ट बंद, शाळेच्या सभागृहात दाराजवळची खुर्ची ठरलेली.

आणि हेही स्पष्ट लिहिते. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, चालल्यावर वाढतेय, शुद्ध हरपतेय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. कोणतंही घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही. ज्या महागड्या घड्याळांत ईसीजी असतो तो एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा, ३० सेकंदांचा. ठोक्यांची लय बिघडलीय का एवढंच तो पाहू शकतो. तिथे 'नॉर्मल' दिसलं म्हणून छातीतलं दुखणं अंगावर काढायचं नाही.

आकडा येतो कुठून

बँडच्या पोटाशी हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमी-जास्त होतं, तेवढा परत येणारा प्रकाश बदलतो, आणि त्यावरून यंत्र ठोके मोजतं. म्हणजे हा अंदाज आहे, हिशेब चांगला पण अंदाजच. हात हलला, पट्टा सैल असला, हात गार पडले, की तो चुकतो. झटक्यात नेमकं हेच होतं: हात गार पडतात आणि थरथरतात. खड्ड्यांच्या रस्त्यावरून एसटी हादरत असेल तर बँड कधी कधी ते हादरेच ठोके समजून मोजतो.

बायकांसाठी एक बारीक गोष्ट. बांगड्यांच्या हातात बँड बांधू नका. बांगडी त्याला सारखी ढकलते आणि रात्रीच्या नोंदींत मधेच भलतेच उंच सुळके दिसतात. दुसऱ्या हातात, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, करंगळी जेमतेम आत जाईल इतका घट्ट बांधा.

'स्ट्रेस' म्हणून जो आकडा येतो त्यावर तर मुळीच विसंबू नका. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं यावरून तो काढतात. ते अंतर झोप कमी झाली, ताप आला, जेवण जड झालं, तरी बदलतं. गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवताना माझ्या बँडने मला 'तीव्र ताण' दाखवला होता. मी तेव्हा फार आनंदात होते. यंत्राला आनंद आणि भीती यांतला फरक कळत नाही, कारण शरीर दोन्हींत बरंचसं सारखंच वागतं.

घड्याळ आजाराला खतपाणी कसं घालतं

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं एक साधं चक्र मांडलं. शरीरात काहीतरी जाणवतं, समजा धडधड. मन त्याचा सर्वांत वाईट अर्थ लावतं: हार्ट अटॅक. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा वाटते. गोल फिरत जातं. मॅडमनी हे चक्र कागदावर काढलं आणि 'धडधड' आणि 'अर्थ' यांच्या मधे माझ्या बँडचं चित्र काढलं. ११८ दिसलं की अर्थ पक्का व्हायचा. १३१ माझ्या बघण्यानेच झाला होता.

आणि आकडा चांगला निघाला तरी सुटका नाही. ७८ बघून हायसं वाटायचं, ते दहा मिनिटं टिकायचं, मग पुन्हा बघावंसं वाटायचं. अमेरिकेत २०२० मध्ये एका सत्तरीच्या बाईंची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्यांना ठोक्यांच्या लयीचा आजार होता, आणि एका वर्षात त्यांनी घड्याळावर ९१६ वेळा ईसीजी काढला होता. ते वाचून मला माझ्या वहीतल्या ७४ रेघा आठवल्या आणि मी एकटी नाही हे कळलं. कळून रडायला आलं, खरं सांगते.

म्हणून चार आठवड्यांनी बँड परत बांधला तेव्हा पहिलं काम सेटिंगचं. घड्याळाच्या दर्शनी पानावरून ठोक्यांचा आकडा काढून टाकला; तिथे फक्त वेळ आणि तारीख. 'ठोके वाढले' ही सूचना बंद. 'ताण वाढला' ही सूचना बंद. रक्तातला ऑक्सिजन मोजणं बंद. नोंद मात्र मागे चालू राहू दिली, दर काही मिनिटांनी, आपोआप. ॲपलच्या घड्याळात तुम्ही दहा मिनिटं स्वस्थ असताना ठोके ठरवलेल्या आकड्यावर गेले तर सूचना येते, आणि तो आकडा मुळात १२० असतो. तो वाढवता येतो किंवा सूचनाच बंद करता येते. बाकीच्या घड्याळांतही असंच काहीतरी सापडेल. पण तुम्हाला हृदयाचा आजार असेल आणि हृदयरोगतज्ज्ञांनी ही सूचना चालू ठेवायला सांगितली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

फोनमधल्या ॲपचं चिन्हही मी पहिल्या पानावरून हलवून तिसऱ्या पानावर एका फोल्डरमध्ये टाकलं. छोटी गोष्ट वाटेल, पण बोट सवयीने जिथे जातं तिथून वस्तू हलवली की मधे एक श्वासभर वेळ मिळतो.

झटका आलाच तर

माझ्या बँडमध्ये स्टॉपवॉच आहे. झटका सुरू झाला असं वाटलं की मी ते चालू करते आणि हात खाली सोडते. बस्स. झटका काही मिनिटांत शिखरावर जातो आणि मग उतरायला लागतो, हे वाचून माहीत असतं, पण आत असताना पटत नाही. स्वतःच्याच नोंदींतून पटतं. वेळ लावून मोजलेले माझे पहिले पाच: ११ मिनिटं, १४, ९, १७, १०. सहाव्या वेळी मला आतून माहीत होतं की पाऊण तास नाही, पंधरा मिनिटांचा मामला आहे.

श्वासाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे सगळे चुकीचं सांगतात. घाबरलेल्या माणसाला आपण म्हणतो, "खोल श्वास घे." घाबरलेला माणूस आधीच जास्त श्वास घेत असतो. भराभर आणि खोल श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि चक्कर, ओठांना-बोटांना मुंग्या, हवा कमी पडल्याची भावना येते. मग माणूस आणखी मोठा श्वास ओढतो. त्यामुळे करायचं ते उलटं: श्वास लहान आणि हळू. नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पोट हलकेच हलेल इतकाच. म्हणजे मिनिटाला सहा श्वास. या कार्बन डायऑक्साइडवरच काम करणारी फ्रीस्पायरा नावाची एक उपचारपद्धती अमेरिकेत आहे. नाकाशी नळी लावून उच्छ्वास मोजायचा, दिवसातून दोनदा १७ मिनिटं, २८ दिवस. पॅनिकसाठी तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, तिला २०१३ मध्ये परवानगी दिली. मनगटावरचं कुठलंही घड्याळ हे मोजत नाही, पण तत्त्व आपल्याला घेता येतं.

बहुतेक बँडमध्ये श्वासाचा सराव असतो, हलकं थरथरून आत-बाहेर सांगतो. त्याचा वेग बदलता येत असेल तर चार-सहा लावा. सराव रोज शांत असताना करा. मी सकाळी दूध तापत ठेवल्यावर पाच मिनिटं करते. झटक्यात पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही, आणि जमत नाही याचीच भीती वाटेल. मॅडमनी एक ताकीदही दिली होती: श्वास झटका पळवून लावायला घेऊ नका, झटका चालू असताना तिथेच थांबता यावं म्हणून घ्या. "श्वासाचं ॲप उघडलं नसतं तर मेले असते" असं वाटायला लागलं, तर ते ॲपही ७४ रेघांसारखंच.

ॲपपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो माझ्याच आवाजाचा. एका बऱ्या दिवशी फोनवर ५० सेकंदांचं रेकॉर्डिंग केलं: "हे आधी पुष्कळ वेळा झालंय. प्रत्येक वेळी संपलंय. ईसीजी नॉर्मल होता. बोगद्यात आहेस तर बोगदा संपेल. पाय जमिनीवर टेकव, समोरच्या बाकावरचा नंबर वाच." ते नेटशिवाय वाजतं. बोगद्यात नेट नसतं.

खरा उपयोग दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी दुपारी, मधल्या सुट्टीनंतरच्या मोकळ्या तासाला, मी नोंद करते. मूड नोंदवायची ॲपं पुष्कळ आहेत, दोन वापरली. शेवटी फोनमधल्या साध्या स्प्रेडशीटवर आले, कारण त्यात रकाने माझे. तारीख आणि वेळ. कुठे होते. काय होईल असं वाटलं. भीती दहापैकी किती. किती मिनिटं. मी काय केलं. प्रत्यक्षात काय झालं. आणि सगळं लिहून झाल्यावर, सगळ्यांत शेवटी, ॲप उघडून त्या वेळचे सर्वांत जास्त ठोके. क्रम महत्त्वाचा आहे. आकडा आधी बघितला तर भीतीची आठवण आकड्याप्रमाणे बदलते. मुलं उत्तर मागच्या पानावर बघून मग गणित सोडवतात तसं.

एक नोंद देते. "४ मार्च, सकाळी ११.२०, दहावीच्या पेपरचं पर्यवेक्षण, वर्ग बंद. वाटलं: भोवळ येऊन पडेन, मुलांचा पेपर बिघडेल. भीती ९. १२ मिनिटं. खिडकीजवळ उभी राहिले, बाहेर गेले नाही. झालं: कोणाला कळलंही नाही, एका मुलीने पुरवणी मागितली ती दिली. ठोके ९८."

त्या दिवशी मी शपथेवर सांगितलं असतं की ठोके १५० होते. आणि त्याच्या आदल्या रविवारी अजिंक्यताऱ्याच्या चढावर ते १४८ होते, तेव्हा मी मैत्रिणीशी आंब्याच्या लोणच्याबद्दल बोलत होते. या दोन ओळी एकाखाली एक बघणं, हा मला घड्याळाकडून मिळालेला सर्वांत मोठा फायदा. धडधड किती 'वाटते' आणि किती 'असते' यांत अंतर असतं, आणि खरोखर जोरात पळणारं हृदयही काही वाईट करत नाही. १८७१ मध्ये अमेरिकन डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: धडधड, धाप, छातीत दुखणं, आणि तपासावं तर हृदयात काही आजार सापडत नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे ते सैनिक मला फार जवळचे वाटतात.

दर रविवारी मी 'पॅनिक डिसऑर्डर सिव्हिअरिटी स्केल' ही आजाराची तीव्रता मोजणारी प्रश्नावली भरते. सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, बेरीज जास्तीत जास्त २८. झटके किती आले एवढंच त्यात नाही. टाळाटाळ किती केली, कामावर परिणाम किती झाला, हेही आहे. सुरुवातीला माझी बेरीज १९ होती. तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या आणि एकदा त्यांच्यासमोर भरा.

सहा आठवड्यांनी मी रकाने चाळले. ११ झटक्यांपैकी ७ आदल्या रात्री साडेपाच तासांपेक्षा कमी झोप झालेल्या दिवशी. ५ वेळा उपाशीपोटी दोन कप चहा झालेला. झोपेच्या नोंदीतले 'गाढ', 'स्वप्नाची' असे भाग मी बघतच नाही, मनगटावरून ते नीट कळत नाहीत. झोपले कधी आणि उठले कधी एवढंच घेते. चहा सोडला नाही, पण पहिला कप पोहे-उपमा खाल्ल्यावर. कॅफिनने पॅनिकच्या रुग्णांना झटका येऊ शकतो हे डॉक्टरांना जुनं माहीत आहे. मला माझ्याच कागदावर दिसल्यावर पटलं.

धडधड मुद्दाम करायची

हा भाग समुपदेशकाच्या मदतीनेच करा. दमा, फिट्स, हृदयाचा आजार असेल किंवा दिवस गेले असतील तर विचारल्याशिवाय नाहीच. सीबीटीमध्ये, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचारात, भीती वाटणाऱ्या संवेदना मुद्दाम आणून दाखवतात, म्हणजे मेंदूला कळतं की त्या निरुपद्रवी आहेत. एका जागी मिनिटभर पळणं, फिरत्या खुर्चीत गिरक्या, नाक धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास. मी शहाळ्याच्या स्ट्रॉने केलं.

इथे, आणि फक्त इथे, मी आकडा तेव्हाच्या तेव्हा बघते. पळायच्या आधी ८२. मिनिटभर पळून १३४. मग घड्याळाकडे न बघता उभं राहायचं, आणि तीन मिनिटांनी बघायचं: ९६. आपोआप उतरतं, मी काही न करता. पहिल्या दिवशी भीती ८ होती, दहाव्या दिवशी ३. भीती अर्ध्यावर येईपर्यंत थांबायचं, मधे सोडायचं नाही.

मग बाहेरची शिडी, म्हणजे भीती वाटणाऱ्या जागी सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक पायरी जायचं. वाईपर्यंत एसटीने, मिस्टरांबरोबर. वाईपर्यंत एकटी. खंबाटकी, त्यांच्याबरोबर, त्यांच्या गाडीत. बोगदा, एसटीने, ते शेजारी. एसटीने, ते दुसऱ्या गाडीत. पहिल्या काही वेळा मी फोनवरून त्यांना लाइव्ह लोकेशन पाठवायचे आणि ते घरी बसून निळा ठिपका बघायचे. मग तेही काढलं. आधी पोचल्यावर फोन, मग संध्याकाळी फोन. शिडीची प्रत्येक पायरी स्प्रेडशीटमध्ये, भाकितासह: "काय होईल असं वाटतं" आणि "काय झालं". २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मी एकटी बोगद्यातून गेले. झटका आला. ७ मिनिटं. गाडी शिरवळला थांबली तेव्हा मी उतरले नाही.

ॲप निवडताना

मराठीत नीट केलेली ॲपं मला फार थोडी दिसली, आणि भीतीच्या क्षणी परक्या भाषेतल्या सूचना डोक्यात शिरत नाहीत. त्यामुळे मी ॲपची यादी देत नाही, पारखायचं कसं ते सांगते.

मागे कोण आहे बघा: मानसोपचारतज्ज्ञ, विद्यापीठ, रुग्णालय यांची नावं दिलेली आहेत का. 'सात दिवसांत पॅनिकपासून कायमची मुक्ती' असं लिहिलं असेल तर तिथूनच परत फिरा. संकटाच्या वेळी माणसाचा नंबर दाखवतं का ते बघा. फुकट चाचणी संपल्यावर किती पैसे कापणार, आणि बंद कसं करायचं, हे घेण्याआधी वाचा.

परवानग्या तपासा. श्वासाच्या ॲपला तुमचे संपर्क आणि ठिकाण कशाला हवं? अमेरिकेत २०२३ मध्ये एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर रुग्णांची माहिती जाहिरातींसाठी पुरवल्याचा ठपका आला आणि तिला ७८ लाख डॉलर मोजायला लागले. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण कायदा नंतर उपयोगी पडतो. मी ॲपमध्ये नाव पूर्ण लिहीत नाही, शाळेचं नाव कधीच नाही.

बोलणाऱ्या चॅटबॉटचा मला थोडा उपयोग झाला, विचार लिहून काढायला, रात्री अडीचला कोणाला उठवायचं नसताना. पण त्याला निदान विचारायचं नाही, गोळीबद्दल तर मुळीच नाही. आणि कुठल्याच ॲपवर इतकं अवलंबून राहू नका की ते गेलं तर सगळं गेलं. वोबॉट नावाचं जगभर वापरलं जाणारं ॲप २०२५ च्या जूनअखेर बंद झालं. महिन्यातून एकदा आपल्या नोंदी उतरवून घ्या.

एक नंबर मात्र आताच फोनमध्ये साठवा: १४४१६. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. २०२४ मध्ये त्यांचं ॲपही आलं. जगणं नकोसं वाटत असेल तर झटक्याची वाट न बघता तिथे फोन करा, आणि घरातल्या एकाला उठवा.

गोळ्या आणि डॉक्टरांची दहा मिनिटं

पॅनिकसाठी सहसा एसएसआरआय गटातली, नैराश्यावरही चालणारी गोळी देतात. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता उलट वाढू शकते. त्या दिवसांत आलेख बघून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. फोनच्या साध्या गजराने गोळीची आठवण ठेवता येते. 'घेतली' असं लिहायचं मी गोळी गिळल्यावरच लिहिते. झोपेची किंवा लगेच शांत करणारी गोळी दिली असेल तर तिची मोजदाद वेगळ्या रकान्यात ठेवा, कारण तिची सवय लागते आणि डॉक्टरांना तो आकडा हवा असतो. प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती ठोकेच दाबते. तेव्हा घड्याळ शांत आहे म्हणजे तुम्ही शांत होता असा अर्थ काढू नका.

डॉक्टरांकडे चाळीस पानांचे आलेख नेऊ नका. मी एक पान नेते: महिन्यात झटके किती, सर्वांत लांब किती मिनिटांचा, रविवारच्या चार बेरजा, झोपेची सरासरी, काय टाळलं, गोळ्या किती चुकल्या. खाली दोन प्रश्न. मॅडम ते पान एका मिनिटात वाचतात आणि उरलेली नऊ मिनिटं माझ्याशी बोलतात.

घरच्यांनाही शिकवावं लागतं. मिस्टर आधी मला घाबरलेली बघितली की माझं मनगट धरून विचारायचे, "किती दाखवतंय?" प्रेमानेच. आता ते विचारतात, "किती मिनिटं झाली?" आणि शेजारी बसतात.

सध्या माझी रविवारची बेरीज ५ आणि ७ च्या मधे असते. बँड आठवड्यातून चार रात्री बांधते, तेही झोपेच्या वेळेसाठी. दिवसा तो देवघराशेजारच्या फळीवर चार्जिंगला असतो. पुढच्या महिन्यात मॅडमना विचारून दोन रात्रींवर आणायचा आहे, आणि स्प्रेडशीटमधला शेवटचा रकाना, ठोक्यांचा, काढून टाकायचा आहे.